भाषा या रकान्यात

निपाणीच्या या वखारीतून तंबाखू जाऊन वीस वर्षं झाली.
मग कपाटं आली, नगरपालिकेचे गठ्ठे आले, मी आलो.
तरी दुपारी पत्रा तापला की
दप्तर सोडताना अजून शिंक येते,
कसर मात्र येत नाही.
धारवाडच्या प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं.

इथं साऱ्याच्या वह्या मोडीत,
जन्ममृत्यू कन्नडात,
नकाशांच्या कडा इंग्रजीत.
एकच माणूस तीन कागदांत तीन आडनावांनी राहतो
आणि घरपट्टी एकदाच भरतो.

दोन्हीकडची माणसं येतात. चहा घेत नाहीत.
कागद कुठल्या भाषेतला, एवढंच विचारतात,
मोबाईलवर फोटो काढतात,
गुंडाळी तशीच टेबलावर टाकून जातात.

परवा माळ्यावर, पत्र्याच्या नळीत, एक नकाशा मिळाला.
टोक उचललं तर पापडासारखा कडकला.
नखाएवढी कपची टेबलावर पडली,
तिच्यावर अर्धा बाण,
उत्तर दाखवणारा असावा.

हौसाक्कानं झाडू भिंतीला लावला.
आधी याच वखारीत चाळण, मग घरी विड्या,
दिवसाला हजार, चाळीस वर्षं.
म्हणाली, ‘वडालाईस काय रं? पान हाय ते.
वाळल्यालं पान वडून उलगडतंय व्हय?
पाणी लावू नकोस.
पाण्याच्या शेजारी निजव.’

मग घमेलं, ओलं गोणपाट,
त्यावर चाळण, चाळणीवर नकाशा,
वरून झाकण.
रात्रभर मला शाई फुटलेली दिसत होती,
बुरशी दिसत होती,
आणि मुख्याधिकाऱ्यांना द्यायचा खुलासा
तोंडपाठ होत होता.

सकाळी तिनं तळहातानं लोटत लोटत तो उघडला,
एकेक वीत.
चारी टोकांना वेदगंगेतले गोटे, फडक्यात बांधलेले.
तीन टोकांना, खरं तर.
चौथा कोपरा उंदरानं कधीच नेला होता,
जिथं नाव असतं, साल असतं, सही असते.

उरल्या फक्त रेघा.
आकडे उडालेले,
फुटाची एक चिमटी, इंचाच्या दोन, तेवढ्या जागेवर.
दर्शनी दारावर पाटीची चौकट काढलेली,
पट्टी लावून, नीट,
आत काहीच नाही.
मी भिंग घेऊन तासभर त्या पाटीवर होतो.
खोडलेलं असेल, पुसलेलं असेल,
एखादा काना, एखादी गाठ.
नव्हतं.

ती तोवर आतल्या दालनात पोचली होती.
बोट न टेकवता मोजत होती.
‘आठ लांबट डबं हायत बघ.
अन् परतेकाच्या बाजूला एकेक बारकं.
खाटा ह्या. अन् ह्यो पाळणा.’
मग म्हणाली, ‘कुठं बांधलाय ह्यो?’

मी सूची काढली. ठेके, बिलं, पट्टीची वही,
चुना किती, विटा किती, सगळं पाहिलं.
‘कुठंच न्हाई, अक्का.’

‘माझा थोरला तितं झाला,’ ती म्हणाली,
हनुवटीनं तिसरा खांब दाखवत,
जसा कुणी पत्ता विचारल्यावर सांगतो.
‘दोन बायकांनी लुगडं धरल्यालं.
हजेरी भरली त्या दिवसाची. आर्धी.’
आणि झाडू घेऊन
तो खांब सोडून बाकीचं झाडायला लागली.

संध्याकाळी नोंदवही उघडली.
नाव: नाही. साल: नाही.
‘भाषा’ या रकान्याशी पेन थांबलं.
दोन्हीकडची माणसं आधी तोच बघणार.
लिहिलं: फूट, इंच.
शेरा: आठ खाटा, आठ पाळणे. बांधकाम आढळत नाही.
वाचन: हौसाबाई मगदूम.

नकाशा परत गुंडाळताना ती ओरडली,
‘बिडीगत आवळू नकोस. सैल ठेव.’

कपची वेगळ्या पाकिटात घातली आहे.
अर्धा बाण.
पाकिटावर काय लिहायचं
ते अजून ठरलेलं नाही.